पॉइंटाला नाव नवऱ्याचं

आर्थर सीटच्या कठड्याशी उभं राहून गवताची काडी दरीत सोडली तर ती खाली जात नाही. थोडी गिरकी घेते, थबकते आणि उलटी वर येऊन आपल्या डोक्यावरून मागे पडते. समुद्राकडून निघालेला वारा कोकणची पट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो. पुढे जायला वाट नसते म्हणून तो सरळ वर चढतो आणि हलकं असेल ते सगळं सोबत घेऊन येतो. पर्यटक इथे बाटलीची झाकणं टाकतात. तुम्ही टाकू नका, काडी पुरते. परत न आलेली झाकणं ज्या रानात जाऊन पडतात, ते पोलादपूर तालुक्याचं रान आहे.

कड्याच्या पायथ्याशी सावित्रीचं खोरं आहे. चंद्रगड तिथेच, त्याच्या पोटाशी ढवळे गाव. ढवळ्याहून बहिरीची घुमटी, जोरचं पाणी करत वर येणारी जुनी घाटवाट अजून चालते. धडधाकट माणसालाही ती दिवसभर दमवते. वर पोचला की तोच माणूस मोटारीने आलेल्या गर्दीत मिसळून जातो आणि गर्दीला सांगितली जाणारी गोष्ट ऐकतो: आर्थर मॅलेट नावाचा एक इंग्रज साहेब होता. त्याची बायको आणि तान्ही मुलगी सावित्रीच्या पाण्यात बुडून गेली. मग तो इथे येऊन बसायचा आणि ती नदी पाहत राहायचा. म्हणून ही आर्थरची बैठक.

गोष्ट ऐकून माणसं हळहळतात, फोटो काढतात आणि निघतात. ‘त्या बाईचं नाव काय होतं?’ असं क्वचितच कोणी विचारतं.

तो प्रश्न विचारायला हवा. सह्याद्रीचा एक कडा एका माणसाच्या दुःखाच्या नावाने ओळखला जातो आणि ते दुःख ज्या बाईचं, तिचा उल्लेख ‘त्याची बायको’ एवढाच. घराण्यांच्या इतिहासात असं सर्रास होतं, आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही. या प्रकरणात आपण एका वसाहतकाळच्या बाईचं घराणं उलगडणार आहोत. ती सून म्हणून ज्या घरात आली, त्या घराच्या तीन पिढ्या आपल्या कोकणाशी आणि पुण्याच्या दरबाराशी बांधलेल्या आहेत.

आधी गोष्टीतली एक चूक दुरुस्त करू. सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला, त्या मायलेकींची होडी बुडाल्याची हकीकत अनेक ठिकाणी छापली जाते आणि तिच्यासोबत १७९१ हे साल येतं. पण आर्थर मॅलेटचा जन्म १८०६ चा. १७९१ मध्ये त्याच्या वडिलांचं लग्नही झालेलं नव्हतं. ती दुर्घटना एकोणिसाव्या शतकातली, आर्थर मुंबई इलाख्यात कंपनीचा नोकर असतानाची. दुसरी चूक म्हणजे त्याला लावलेलं ‘सर’. बॅरोनेट ही किताबी पदवी बापाकडून थोरल्या मुलाकडे जाते आणि आर्थर थोरला नव्हता. घराण्याचा इतिहास शोधताना आधी जन्मसालं एका कागदावर मांडावीत. मुलगा बापाच्या आधी जन्मलेला निघाला, तर गोष्ट कितीही सुंदर असली तरी थांबून पाहावं.

आता बाप. चार्ल्स वॉर मॅलेट, जन्म १७५२. पुण्याला पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा पहिला रेसिडेंट म्हणून तो १७८६ मध्ये आला आणि सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत दहा वर्षं तिथे राहिला. मराठी कागदपत्रांत तो ‘मालेट’ म्हणून भेटतो. त्याचं मुख्य काम एकच होतं, नाना फडणवीसांशी बोलणं. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम यांची युती १७९० मध्ये झाली, ती त्याच बोलण्यातून.

त्या तहाचा दरबार एका मोठ्या तैलचित्रात आहे. चित्राची तयारी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने केली. तो १७९१ मध्ये मुंबईत उतरला, पुण्याला गेला आणि त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांना समोर बसवून त्यांची चित्रं रंगवली. नानांचा बारीक, उभट चेहरा आज आपल्याला ओळखीचा वाटतो, त्यात वेल्सच्या कुंचल्याचा मोठा वाटा आहे. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली तीही याच मंडळींमुळे. गंगाराम तांबट हा कसबी कलाकार त्याच वर्तुळातला. वेल्सला लेण्यांचं वेड होतं. साष्टीतल्या लेण्यांची चित्रं काढताना त्याला ताप भरला आणि १७९५ च्या नोव्हेंबरात तो ठाण्यात वारला. दरबाराचं चित्र पुढे थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

चित्रात पेशवा आहे, नाना आहेत, पगड्या, शाली, चवऱ्या, मॅलेटचा लाल कोट आहे. बाई एकही नाही. दरबारात बायका नसत, चित्रकाराने खोटं काढलेलं नाही. पण त्या चित्राच्या मागे उभ्या असलेल्या दोन बायका या घराण्याच्या इतिहासाला टाळता येत नाहीत.

पहिली अंबर कौर. मॅलेटच्या हिंदुस्थानातल्या घरात ती त्याची सोबतीण होती. त्या काळचे इंग्रज अशा बाईला ‘बीबी’ म्हणत. दोघांना तीन मुलं झाली, ती इंग्लंडला पाठवण्यात आली. वेल्सने तिचं चित्रही काढलं होतं. पुण्याच्या रेसिडेंटच्या घरची ती कर्ती बाई होती, तरी मॅलेटांच्या बॅरोनेट वंशावळीत तिला जागा नाही. चर्चमधलं लग्न नाही, तर वंशावळीत ओळ नाही. आपल्याकडच्या कुळवृत्तांतांतही ‘नाटकशाळा’ आणि ‘रक्षा’ यांच्या वाट्याला हेच आलं आहे.

दुसरी सुझाना, जेम्स वेल्सची मुलगी. ठाण्यात बाप गेला तेव्हा ती लग्नाची होती. चार वर्षांनी, १७९९ मध्ये, चार्ल्स मॅलेटशी तिचं लग्न झालं. नवरा ४६ वर्षांचा होता आणि हिंदुस्थान सोडून मायदेशी परतला होता. सुझानाला आठ मुलगे झाले. चित्रकाराची पोरकी मुलगी बॅरोनेटाची बायको झाली आणि या आठ जणांमधून इंग्रजी साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात माणसं गेली. थोरला अलेक्झांडर राजनैतिक सेवेत शिरला. त्याचा मुलगा एडवर्ड इजिप्तमध्ये आणि नंतर बर्लिनमध्ये इंग्लंडचा प्रतिनिधी होता. जॉर्ज मुंबईच्या घोडदळात होता. १८५६ मध्ये इराणच्या किनाऱ्यावर बुशेरजवळच्या लढाईत तो पडला.

आपल्याला हवे आहेत ते आर्थर आणि ह्यू. हे दोघे भाऊ मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीत आले. ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट ठाण्याचा कलेक्टर होता. १८५० च्या मे महिन्यात तो चौकच्या बाजूने डोंगर चढून गेला आणि माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आलं. माथेरानात मॅलेट स्प्रिंग हे नाव अजून आहे. म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला एक भाऊ आणि दक्षिण टोकाच्या कड्यावर दुसरा. दोन्ही डोंगरांना सुझानाच्या पोरांची नावं लागली. तिचं नाव कुठल्याही पॉइंटाला नाही, तिच्या सुनेचंही नाही.

जुन्या इंग्रजी वर्णनांत आर्थर सीटच्या नावाचं कारण अगदी साधं दिलेलं आहे: आर्थर मॅलेटने तिथे पहिल्यांदा घर बांधलं. दुःखाचा उल्लेख त्यात नाही. माझा कल असा की दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. आधी घराचं नाव लागलं असणार आणि पुढे नदीची कहाणी कळल्यावर लोकांनी त्या नावात अर्थ भरला. सरकारी कागदाला घर दिसलं, लोकांना माणूस दिसला. लोकांचं पाहणं मला कमी मोलाचं वाटत नाही. त्यांनी गोष्टीत बायको आणि लेक जिवंत ठेवली, कागदाने तेवढंही केलं नव्हतं.

ही नदी त्या बाईच्या आयुष्यात का आली, हे कळायला महाड-पोलादपूरची जुनी वाट माहीत हवी.

महाबळेश्वरी इंग्रजांचं थंड हवेचं ठाणं बसलं ते गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८२८-२९ मध्ये. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून डोंगर घेतला आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. उन्हाळ्यात मुंबईची साहेबमंडळी बायकामुलांसह वर जायची. आगगाडी नव्हती. कोकणातून चढायचं तर एक मार्ग पाण्याचा होता: मुंबईहून समुद्राने बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीत शिरायचं आणि भरतीच्या पाण्यावर आत यायचं. मोठे पडाव दासगावला थांबत, लहान मचवे महाडच्या धक्क्यापर्यंत येत. महाड हे बंदर होतं, हे आज चवदार तळ्याच्या गर्दीत उभं राहून पटत नाही, पण घाटावरचा माल उतरायचा तो इथेच. महाडहून पोलादपूर, पोलादपूरहून किनेश्वर, मग पार घाट चढून प्रतापगडाच्या कुशीतलं पार गाव. त्यापुढे रडतोंडीचा घाट. चढताना माणसाचं तोंड रडवेलं होतं म्हणून रडतोंडी. इंग्रजांनी त्याचं ‘रोटुंडा’ केलं.

या वाटेने मेमसाहेब चालत जात नसत. पालखी असे, आणि पालखीखाली भोई. बारशाला नेण्याएवढं मूल आईच्या मांडीवर, दाई मागच्या मेण्यात, भांडीकुंडी हमालांच्या डोक्यावर. त्या काळचं एक इंग्रज कुटुंब घाट चढायचं म्हणजे पोलादपूरच्या आसपासच्या वाड्यांतल्या कितीतरी माणसांचे खांदे लागत. १८७६ मध्ये आंबेनळीचा गाडीरस्ता झाला, त्याला फिट्झगेराल्ड घाट म्हणतात, तेव्हा कुठे हे खांदे सुटले.

पाण्याची वाट मात्र पुढेही बराच काळ चालू राहिली. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेला आले तेही याच खाडीतून. मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, पुढे खाडीतून दासगावला उतरले आणि तिथून सगळे महाडकडे चालत गेले.

सावित्रीचं मुख बाणकोटला आहे. एका बाजूला बाणकोट आणि वेळास, दुसऱ्या बाजूला बागमांडला आणि हरिहरेश्वर. बाणकोटचा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून १७५५ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. त्यांनी त्याचं फोर्ट व्हिक्टोरिया केलं. पुढच्या वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहाने तो त्यांच्याकडे कायम झाला. रत्नागिरी जिल्ह्याचं ठाणंही १८२२ पर्यंत बाणकोटला होतं. शेजारचं वेळास हे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं गाव. ज्या नानांसमोर बसून चार्ल्स मॅलेटने तह केले, त्यांच्याच गावाच्या शिवेला चार्ल्सच्या सुनेची माती झाली. या नदीला नाना तसे परके नव्हतेच. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्याच्या राजकारणातून निसटून ते १७९६ मध्ये महाडला येऊन राहिले होते, आणि तिथूनच त्यांनी पुन्हा डाव मांडला.

बाणकोटच्या डोंगरावर तिचं थडगं आहे. गावात हकीकत सांगतात ती अशी: बाईचं नाव सोफिया. मुलीचं नाव एलन हॅरिएट, वय ३२ दिवस. होडी बुडाली तेव्हा त्यांच्याबरोबर तेरा खलाशीही गेले.

३२ दिवसांचं मूल. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. सोफियाचा तो सव्वा महिनाही पुरा झाला नव्हता, आणि अंगावरचं मूल घेऊन ती खाडीच्या तोंडावर पाण्यात होती. साहेबाचा हुकूम, बदलीची घाई, मुंबईच्या डॉक्टरांची ओढ, कारण काहीही असेल. बाळंतपणाच्या अशा कच्च्या दिवसांत प्रवासाला काढलेली बाई म्हणून तिच्याकडे पाहिलं की ‘मेमसाहेब’ हा शब्द गळून पडतो.

नदीच्या मुखाशी होडी का बुडते, हे बाणकोटचा कोणीही तांडेल सांगेल. डोंगरातून गाळ आणि वाळू घेऊन आलेलं पाणी समुद्राला भिडलं की त्याचा वेग मोडतो, आणि वाळू तिथेच बसते. तिची दांडी होते. भरतीला दांडीवरून होडी सहज निघते. ओहोटी लागली की खाडीचं पाणी बाहेर धाव घेतं, समोरून समुद्राची लाट येते आणि दोन्ही दांडीवरच भेटतात. तिथे लाट उभी राहते आणि फुटते. शीड उतरवायला एक क्षण उशीर झाला, होडी लाटेला आडवी झाली, तर वल्ह्यांचा उपयोग नाही. ही दांडी एका जागी राहतही नाही, प्रत्येक पावसाळ्यात सरकते. म्हणून तिथून नाव काढायला तिथलाच माणूस लागतो.

ते तेरा खलाशी तिथलेच असणार. या किनाऱ्यावर नाव हाकणारे खारवी, कोळी, भंडारी आणि दालदी. दांडी ओळखणारे, पोहणारे, तरीही गेले. तेरा घरांतल्या बायका त्या दिवशी विधवा झाल्या किंवा तेरा आयांचे मुलगे गेले. त्यांच्यासाठी डोंगरावर दगड नाही आणि घाटमाथ्यावर पॉइंट नाही. आर्थर मॅलेट कड्यावर बसून नदीकडे पाहत होता असं म्हणतात. त्या तेरा घरांना नदीकडे पाहत बसायलाही सवड नसणार, दुसऱ्या भरतीला कोणाला तरी होडी काढावीच लागली असेल.

सावित्रीने माणसं नेण्याची गोष्ट महाडला पुराणी वाटत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. १९२८ मध्ये बांधलेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या आणि काही मोटारी अंधारात पाण्यात गेल्या. सुमारे चाळीस जीव गेले. शोध घेणारे खाडीने खाली खाली जात राहिले आणि मृतदेह सापडले ते आंबेतपासून थेट हरिहरेश्वर आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत. तेच पाणी, तेच मुख. नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पण त्या आठवड्यात किनाऱ्यावर उभे राहून पाण्याकडे डोळे लावणाऱ्या नातेवाइकांना ज्यांनी पाहिलं, त्यांना आर्थर सीटची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नदीचं नावही बाईचंच आहे, आणि तिची कथा रागावलेल्या बाईची आहे. महाबळेश्वरी ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला. त्याची बायको सावित्री हिला यायला उशीर झाला, तर त्याने गायत्रीला शेजारी बसवून यज्ञ सुरू केला. सावित्री आली, तिने ते पाहिलं आणि देवांना शाप दिला की तुम्ही पाणी व्हाल. कृष्णा, कोयना, वेण्णा अशा नद्या त्यातून झाल्या. स्वतः सावित्रीने मात्र कड्यावरून पश्चिमेला झेप घेतली. पंचगंगेच्या देवळात पाच धारा एकत्र पडतात. त्यांतल्या कोयना, वेण्णा कृष्णेला मिळून पूर्वेला जातात, सावित्री मात्र कोकणात उतरते. ज्या कड्यापाशी देवाच्या बायकोने झेप घेतली, त्याच परिसराचं नाव एका साहेबाच्या बायकोच्या मरणाने प्रसिद्ध व्हावं, हा योग मात्र विलक्षण आहे.

घराण्यांच्या याद्या ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. साताऱ्या-कोल्हापूरकडे हेळवी घरोघर जाऊन पिढ्या वाचून दाखवतात. त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वह्या आहेत. विसाव्या शतकात कोकणातल्या आडनावांचे जाड कुळवृत्तांत छापले गेले. ते उघडून पाहा. पुरुषाच्या नावापुढे जन्म, शिक्षण, नोकरी. बायकोच्या नावापुढे बापाचं नाव आणि गाव, तेही असलं तर. मुलगी एका ओळीत उजवून टाकलेली. इंग्रजांच्या बॅरोनेटांच्या जाड ग्रंथांची रीतही यापेक्षा निराळी नव्हती. म्हणून बाईचा इतिहास शोधायचा तर वंशावळीच्या बाहेर जावं लागतं: थडग्याचा दगड, बापाने काढलेलं चित्र, नदीकाठच्या गावातली सांगी, घाटाचं नाव. सोफियाच्या बाबतीत आपल्या हाती हेच आहे, आणि ते थोडं नाही. त्यातून तिचं सासर उभं राहतं, सासूचा बाप ठाण्यात सापडतो, सासऱ्याच्या पहिल्या घरची अंबर कौर सापडते, दीर माथेरानच्या झऱ्यावर भेटतो. आणि तेरा खलाशांची मोकळी जागा दिसते.

महाड-पोलादपूरच्या शाळांना माझी एक विनंती आहे. मुलांची सहल आर्थर सीटला नेता, तशी ती एकदा नदीच्या दुसऱ्या टोकालाही न्या. सकाळी महाडहून निघालं तर आंबेत-मंडणगडकडून बाणकोट गाठता येतं. मुलांना आधी किल्ला दाखवा, मग ते थडगं. दगडावर जे कोरलेलं वाचता येईल ते त्यांना वहीत उतरवून घेऊ द्या, साल आणि नावासकट. परत जाताना वेसवीहून बागमांडल्याला जाणारी फेरीबोट घ्या. मोटारी, दुचाकी, माश्यांच्या पाट्या घेऊन ती थोड्या मिनिटांत पलीकडे जाते. मधोमध आल्यावर डाव्या हाताला समुद्र उघडतो, आणि ओहोटी असेल तर दांडीवर फुटणारी पांढरी रेघ डेकवरून नीट दिसते.